दोन तारांमधली जागा

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, वैतरणा नदीच्या परिसरात मनोर वसले आहे. मस्तान नाक्यावरून पश्चिमेला वळले की पालघर. थोडे उत्तरेला जाऊन चिल्हार फाट्यावरून वळले की बोईसर. या दोन रस्त्यांच्या टोकाला महाराष्ट्राच्या उद्योगजीवनातल्या तीन मोठ्या गोष्टी एकमेकींना लागून आहेत: पश्चिम रेल्वेची मुख्य लाइन, तारापूरची औद्योगिक वसाहत आणि समुद्रकाठचे अणुवीज केंद्र. तिन्ही ठिकाणी यंत्रे दिवसरात्र यंत्रांना निरोप देत असतात. गाडी पूर्ण पुढे गेली की नाही हे एका स्टेशनची यंत्रणा दुसऱ्या स्टेशनला कळवते. कारखान्यातल्या टाकीचे तापमान, दाब, पातळी क्षणाक्षणाला नियंत्रण कक्षात पोचते. हे निरोप जिच्यातून जातात ती वस्तू खरेदीच्या यादीत मात्र बहुतेक वेळा तळाशी असते. ती म्हणजे मल्टीकोअर केबल.

यादीत तिचे वर्णन साधारण असे असते: ‘चार कोअर, दीड स्क्वेअर एमएम, आर्मर्ड, ५०० मीटर.’ मोटर चालवायला, दिवा लावायला, व्हॉल्व्ह उघडायला एवढे वर्णन पुरते. वेगवान डेटासाठी ते पुरत नाही. त्या ओळीत तांबे किती ते कळते. पण दोन तारांमध्ये अंतर किती, मध्ये प्लास्टिक कोणते, पीळ किती हे कळत नाही. वेग वाढला की केबलची लायकी तांब्याच्या वजनापेक्षा दोन तारांमधल्या जागेवर ठरते. या प्रकरणात त्या जागेचा हिशेब समजून घेऊ.

वेग म्हणजे नेमके काय?

आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. एका आवर्तनाला २० मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात प्रकाश ६००० किलोमीटर जातो. मनोरहून बोईसरपर्यंत तार ओढली तरी या लांबीपुढे ती नगण्य. म्हणून विजेच्या बाबतीत आपण सरळ धरून चालतो की तारेच्या या टोकाला जो व्होल्टेज आहे, तोच त्याच क्षणी त्या टोकाला आहे.

आता १०० मेगाहर्ट्झचा संकेत घ्या. पॉलिथिनचे इन्सुलेशन असलेल्या केबलमध्ये संकेत प्रकाशाच्या सुमारे दोन तृतीयांश वेगाने जातो, म्हणजे एक मीटर जायला त्याला सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. या संकेताची तरंगलांबी केबलमध्ये जेमतेम दोन मीटर भरते. वीस मीटरच्या केबलमध्ये एकाच क्षणी दहा लाटा धावत असतात. ‘तारेचा व्होल्टेज किती?’ या प्रश्नाला आता अर्थच राहत नाही. कुठल्या जागी आणि कुठल्या क्षणी, हेही विचारावे लागते.

इथे एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. वेग फक्त ‘सेकंदाला किती बिट’ यावर ठरत नाही. संकेत शून्यावरून एकवर किती झटकन चढतो यावरही तो ठरतो. चढायला एक नॅनोसेकंद लागत असेल तर तो चढ केबलमध्ये सुमारे २० सेंटिमीटर जागा व्यापतो. केबलची लांबी या जागेच्या एक षष्ठांशाहून जास्त झाली की तिच्याकडे साधी तार म्हणून पाहता येत नाही, असा अभियंत्यांचा व्यवहारातला नियम आहे. इथे ती मर्यादा तीन-साडेतीन सेंटिमीटरांवर येते. म्हणून जुने कार्ड काढून त्याच बिट-वेगाचे नवे कार्ड बसवले तरी तक्रारी सुरू होऊ शकतात. नव्या चिपचा चढ जास्त तीव्र असतो.

कारखान्यांत वारंवार ऐकू येणारे एक वाक्य या हिशेबाने उलगडते: ‘हीच केबल दहा वर्षे चालत होती, नवीन मशीन आले आणि बंद पडली.’ समजा जुना संवाद सेकंदाला ९६०० बिटांचा होता. एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो. केबल १२०० मीटर असली तरी संकेताला जाऊन परत यायला १२ मायक्रोसेकंद लागतात. टोकावरून जे काही उसळून परत येईल ते पहिल्याच बिटाच्या आत विरून जाते आणि बिट वाचायच्या वेळी सगळे शांत असते. आता वेग १५ लाख बिट करा. बिट उरतो पाऊण मायक्रोसेकंदाहून कमी, आणि २०० मीटरच्या केबलमध्ये जाऊन येण्यास दोन मायक्रोसेकंद लागतात. एका बिटाचा प्रतिध्वनी पुढच्या तिसऱ्या बिटावर आदळतो. केबल तीच आहे. तिच्यातला दोष आधीही होता, फक्त आता तो झाकून ठेवणारा निवांत वेळ उरलेला नाही.

मुंबई ते एडन, १८७०

हा विषय संगणकांबरोबर जन्मला असे वाटते, पण त्याची मुळे समुद्रतळाच्या तारायंत्रात आहेत आणि मुंबईचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे. १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत समुद्रतळाशी केबल टाकली आणि मुंबई समुद्रमार्गे ब्रिटनशी तारेने जोडली गेली. त्या केबलमागे एक महागडा धडा होता. १८५८ मध्ये अटलांटिकखालून टाकलेली पहिली केबल काही आठवड्यांत निकामी झाली. संदेश फार हळू पोचत होते आणि ते रेटण्यासाठी केबल कंपनीचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी तिच्यावर प्रचंड व्होल्टेज लावला होता.

संदेश हळू का पोचतात याचे उत्तर भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन यांनी आधीच दिले होते. तार, तिच्याभोवतीचे गटापर्चाचे इन्सुलेशन आणि बाहेरचे समुद्राचे पाणी मिळून एक लांबलचक कपॅसिटर तयार होतो. तो तारेच्या रोधातून भरत भरत जावा लागतो, म्हणून केबलची लांबी दुप्पट केली तर विलंब चौपट होतो. व्होल्टेज वाढवून हा विलंब कमी होत नाही. तांबे, इन्सुलेशन आणि त्यांची मापे बदलूनच तो कमी होतो.

पुढे १८८० च्या दशकात ऑलिव्हर हेविसाइड यांनी चित्र पूर्ण केले. केबलच्या प्रत्येक मीटरमध्ये चार गोष्टी पसरलेल्या असतात: तांब्याचा रोध, तारांभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे येणारा इंडक्टन्स, दोन तारांमधला कपॅसिटन्स आणि इन्सुलेशनमधून होणारी गळती. हे चार आकडे हाती असले की संकेत किती वेगाने जाईल, किती क्षीण होईल आणि त्याचा आकार किती बिघडेल हे सांगता येते. आजचा सर्वांत महागडा सॉफ्टवेअर प्रोग्रॅमही केबलच्या बाबतीत हेच चार आकडे शोधतो.

शंभर ओहम कुठून येतात?

इंडक्टन्सला कपॅसिटन्सने भागून वर्गमूळ काढले की जो आकडा मिळतो त्याला केबलचा इम्पिडन्स म्हणतात. केबलवर ‘१०० ओहम’ किंवा ‘१२० ओहम’ छापलेले असते ते हेच. मल्टिमीटर लावून हा आकडा मिळत नाही आणि केबल दहा मीटर असो की शंभर, तो बदलत नाही, कारण तो केबलच्या आडव्या छेदावर अवलंबून असतो.

नेटवर्कच्या साध्या केबलमधली एक जोडी घेऊन गणित करून पाहू. तांब्याची तार सुमारे ०.५१ मिलिमीटर जाडीची, इन्सुलेशनसकट ०.९ मिलिमीटर. दोन तारा चिकटून असल्याने त्यांच्या केंद्रांमधले अंतरही ०.९ मिलिमीटर. मध्ये फक्त हवा असती तर अशा जोडीचा इम्पिडन्स सुमारे १४० ओहम आला असता. प्लास्टिक आले की या आकड्याला त्याच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकाच्या वर्गमुळाने भागायचे. पॉलिथिनचा स्थिरांक २.३ आहे, सगळी जागा पॉलिथिनने भरली तर उत्तर येते ९२ ओहम. प्रत्यक्षात जोडीभोवती थोडी हवाही असते, म्हणून उत्तर दोहोंच्या मध्ये, १०० ओहमच्या आसपास स्थिरावते. मानकात लिहिलेले १०० ओहम असे मापांतूनच आलेले आहेत.

त्याच तारांवर पॉलिथिनऐवजी पीव्हीसी चढवले तर? पीव्हीसीचा स्थिरांक मिश्रणानुसार बदलतो. चार धरला तर इम्पिडन्स ७० ओहमपर्यंत उतरतो. शिवाय पीव्हीसी वारंवारता वाढेल तशी संकेताची ऊर्जा उष्णतेत घालवते. वीज नेण्यासाठी पीव्हीसी उत्तम आहे, स्वस्त आहे, लवचीक आहे. वेगवान डेटासाठी मात्र ते तांब्याभोवती नसावे; बाहेरच्या आवरणात असेल तर चालते.

इम्पिडन्स जुळला नाही तर काय होते? लांब दोराचे एक टोक झाडाला बांधून दुसरे झटकले की लाट झाडापर्यंत जाते आणि उलटून हाताकडे परत येते. केबलच्या टोकाशी संकेताचे तसेच होते. टोकाला केबलच्या इम्पिडन्सएवढाच रोध जोडला तर लाट त्यात पूर्ण जिरते. याला टर्मिनेशन म्हणतात. ७० ओहमची केबल टाकून टोकाला नेहमीच्या सवयीने १२० ओहमचा रोध लावला तर संकेताचा २६ टक्के भाग परत उसळतो. टोकाला काहीच लावले नाही तर सगळाच्या सगळा परत येतो.

आणि जाड तांबे? ‘शंका असेल तर एक साइज वरची घ्या’ ही वीजकामातली शहाणी सवय इथे फारशी उपयोगी पडत नाही. वारंवारता वाढली की प्रवाह तांब्याच्या पृष्ठभागाकडे सरकतो. ५० हर्ट्झला तो सुमारे ९ मिलिमीटर खोलीपर्यंत असतो. एक मेगाहर्ट्झला ०.०६६ मिलिमीटर, शंभर मेगाहर्ट्झला त्याच्या एक दशांश. आतले सगळे तांबे निव्वळ भार होऊन बसते. तारेचा व्यास दुप्पट केला तर वजन आणि किंमत चौपट होते, वेगवान संकेतासाठीचा रोध मात्र निम्माच होतो. शिवाय अंतर न बदलता तार जाड केली की इम्पिडन्स बिघडतो तो वेगळाच.

पीळ आणि शेजार

आतापर्यंत एकाच जोडीचा विचार केला. मल्टीकोअर केबलची खरी अडचण शेजाऱ्यांची आहे. एका तारेत संकेत गेला की तिचे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र शेजारच्या तारांनाही स्पर्श करते आणि तिथे नको असलेला संकेत उमटतो. याला क्रॉसटॉक म्हणतात.

यावरचा उपाय ॲलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये पेटंट केला: जाणारी आणि येणारी तार एकमेकींभोवती पिळायची. पिळल्यामुळे शेजाऱ्याच्या जवळ कधी ही तार येते, कधी ती. दोघींवर सारखाच परिणाम होतो, आणि संकेत घेणारे यंत्र दोघींमधला फक्त फरक वाचत असल्याने सारखा परिणाम वजा होऊन जातो. पण सर्व जोड्यांना एकसारखा पीळ दिला तर दोन जोड्या सतत एकाच पद्धतीने समोरासमोर येतात आणि फायदा हरवतो. नेटवर्कची केबल उकलून पाहा. तिच्या चारही जोड्यांचा पीळ वेगवेगळा दिसेल. तो कारखान्यात मुद्दाम ठरवलेला असतो.

हा पीळ किती नाजूक काम करतो ते आकड्यांत पाहू. कॅट ५ई दर्जाच्या शंभर मीटर केबलमध्ये १०० मेगाहर्ट्झचा संकेत २२ डेसिबलपर्यंत क्षीण होऊ शकतो, म्हणजे व्होल्टेज साडेबारा पटींनी कमी होतो. त्याच वारंवारतेला शेजारच्या जोडीतून जवळच्या टोकाशी येणारा क्रॉसटॉक निदान ३५.३ डेसिबल खाली असावा लागतो, म्हणजे मूळ व्होल्टेजच्या सुमारे ५८ व्या भागाएवढा. दोन्ही एकत्र पाहिले की लक्षात येते, दुरून आलेला खरा संकेत शेजाऱ्याच्या गोंगाटाच्या जेमतेम साडेचार पट उरतो. गिगाबिट इथरनेटमध्ये चारही जोड्यांवरून दोन्ही दिशांना एकाच वेळी संकेत जातात, म्हणजे गोंगाट करणारे शेजारी तीन. जोडणी करताना टोकाशी पीळ दोन-तीन इंच सोडवून ठेवला तर हे काठावरचे गणित तिथेच मोडते. उत्तम केबल खराब जोडणीने वाया जाते ती अशी.

पालघरच्या रुळांशेजारी

विरारहून वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव आणि डहाणू रोडकडे जाणाऱ्या मार्गावर डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार आहे. तिच्यातला प्रवाह रुळांशेजारी पुरलेल्या प्रत्येक लांब तारेत व्होल्टेज निर्माण करतो, आणि जितके किलोमीटर ती तार समांतर धावेल तितका तो वाढत जातो. अशा ठिकाणी ब्लॉक उपकरणे, फाटकावरचे फोन, डब्यांच्या आसांची मोजणी करणारे ॲक्सल काउंटर यांचे संकेत सुखरूप न्यायचे असतात. त्यासाठी भारतीय रेल्वे सहा क्वाडची केबल वापरते. तिच्यात ०.९ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या २४ तारा असतात, त्यांच्यावर पॉलिथिनचे इन्सुलेशन असते आणि पाणी शिरू नये म्हणून आत जेली भरलेली असते.

क्वाडची रचना मुद्दाम समजून घेण्याजोगी आहे. चार तारा चौरसाच्या चार कोपऱ्यांवर ठेवून एकत्र पिळतात, आणि समोरासमोरच्या, म्हणजे कर्णावरच्या दोन तारांची एक जोडी करतात. पहिल्या जोडीची कोणतीही तार दुसऱ्या जोडीच्या दोन्ही तारांपासून अगदी सारख्या अंतरावर राहते. त्यामुळे एका जोडीचा परिणाम दुसऱ्या जोडीच्या दोन्ही तारांवर समान होऊन वजा होतो. कमी जागेत दोन जोड्या बसतात आणि एकमेकींना त्रास देत नाहीत. अट एकच: चौरस चौरसच राहिला पाहिजे. केबल दबली, वेडीवाकडी वळली किंवा जोडताना चुकीच्या दोन तारांची जोडी झाली की हा सगळा फायदा नाहीसा होतो. अशी चूक झालेली केबल बझर लावून तपासली तर निर्दोष दिसते, कारण प्रत्येक तार अखंडच असते.

शील्ड, अर्थिंग आणि ड्राईव्ह

तारापूरच्या वसाहतीत रसायने, औषधे, कापड आणि पोलादाचे कारखाने आहेत. पंप, पंखे, मिश्रक यांच्या मोटरी आता बऱ्याच ठिकाणी व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राईव्हवर चालतात. ड्राईव्ह वीज वाचवतो, पण तो व्होल्टेज सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि प्रत्येक तोडणीचा चढ अतितीव्र असतो. ड्राईव्हपासून मोटरकडे जाणारी केबल त्यामुळे शेजारच्या ट्रेमधल्या डेटा केबलसाठी मोठा उपद्रव ठरते. दोन्ही केबल वेगळ्या ट्रेमधून न्याव्यात, ओलांडावे लागले तर काटकोनात ओलांडावे आणि मोटरची केबलही शील्ड, म्हणजे तारांभोवती धातूचे आवरण, असलेली घ्यावी. हे तीन नियम पाळले तर पुढचे निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत.

शील्ड अर्थिंगला एका टोकाला जोडायचे की दोन्ही, यावर जुना वाद आहे. दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर आहेत. चार ते वीस मिलिॲम्पिअरचा संथ संकेत असेल तर शील्ड एकाच टोकाला अर्थ करणे योग्य, म्हणजे दोन अर्थिंगमधल्या फरकामुळे शील्डमधून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहत नाही. वेगवान संकेताला हे चालत नाही. १०० मेगाहर्ट्झची हवेतली पाव तरंगलांबी ७५ सेंटिमीटर असते. एक टोक मोकळे असलेले शील्ड अशा वारंवारतेला अँटेनासारखे वागते. म्हणून डेटा केबलचे शील्ड दोन्ही टोकांना जोडायचे आणि दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असेल तर तो जाड समांतर तारेने आधी मिटवायचा. आरएस-४८५ या संवादपद्धतीची यंत्रे उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतचा सामाईक फरक सोसतात. त्यापुढे ती चुकतात किंवा जळतात.

जोडण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची. शील्ड गोळा करून, त्याची वेणी घालून, पाच सेंटिमीटरच्या तुकड्याने टर्मिनलला लावण्याची प्रथा सर्रास दिसते. एवढ्या तुकड्याचा इंडक्टन्स सुमारे ५० नॅनोहेन्री असतो, आणि १०० मेगाहर्ट्झला तो ३१ ओहमचा अडथळा होतो. महागडे शील्ड त्या एका वेणीने निरुपयोगी होते. शील्डला सर्व बाजूंनी पकडणारा ग्लँड किंवा क्लॅम्प लावावा.

कोकणपट्टीतल्या हवामानाचा विचार इथे टाळता येत नाही. समुद्राची खारी हवा आणि रसायनांची वाफ ग्लँड आणि शील्ड खातात. पावसाळ्यात केबलमध्ये पाणी शिरले तर गळती वाढते एवढेच नाही. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८० च्या घरात असल्याने जिथे पाणी आहे तिथे इम्पिडन्स कोसळतो आणि संकेत त्या जागेवरून उसळतो.

मॉडेल कसे करतात?

आता या सगळ्याचा एकत्र हिशेब. एका जोडीला एक इंडक्टन्स आणि एक कपॅसिटन्स पुरतो. चार जोड्यांची शील्ड असलेली केबल घेतली तर आठ तारा आणि संदर्भ म्हणून शील्ड. प्रत्येक तारेचा स्वतःचा आकडा आणि प्रत्येकीचे दुसऱ्या प्रत्येकीशी नाते सांगणारा आकडा, असा आठ बाय आठचा तक्ता तयार होतो. ‘अ’चे ‘ब’शी आणि ‘ब’चे ‘अ’शी नाते सारखेच, म्हणून वेगळे आकडे ३६. कपॅसिटन्सचे ३६ आणि इंडक्टन्सचे ३६. अमेरिकी अभियंते क्लेटन पॉल यांनी १९९४ मध्ये या विषयावर अख्खा ग्रंथ लिहिला आणि ही पद्धत जगभर रुजवली.

हे आकडे मिळवण्याची एक सुंदर युक्ती आहे. केबलचा आडवा छेद संगणकात काढायचा आणि विद्युत क्षेत्राचे गणित दोनदा सोडवायचे. एकदा प्लास्टिकसह, त्यातून कपॅसिटन्सचा तक्ता मिळतो. दुसऱ्यांदा सगळे प्लास्टिक काढून टाकून, जणू तारा हवेत तरंगत आहेत असे धरून. प्लास्टिकचा चुंबकीय क्षेत्रावर परिणाम होत नाही आणि हवेत संकेत प्रकाशाच्याच वेगाने जातो, म्हणून हवेतल्या कपॅसिटन्सवरून इंडक्टन्सचा तक्ता थेट काढता येतो. चुंबकीय क्षेत्राचे वेगळे गणित करावे लागत नाही.

यानंतर वारंवारतेचा परिणाम घालतात. पृष्ठभागाकडे सरकणाऱ्या प्रवाहामुळे तांब्यातला ऱ्हास वारंवारतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, तर प्लास्टिकमधला ऱ्हास थेट वारंवारतेच्या प्रमाणात. कमी वारंवारतेला तांबे खाते, जास्त वारंवारतेला प्लास्टिक खाऊ लागते. पिळलेल्या जोड्यांसाठी केबलचे लहान लहान तुकडे कल्पून, प्रत्येक तुकड्यात तारांच्या जागा थोड्या फिरवून, सगळे तुकडे एकापुढे एक जोडतात. मोफत मिळणाऱ्या स्पाइस प्रोग्रॅमवर दोन-तीन जोड्यांचा असा हिशेब पालघर-बोईसरच्या महाविद्यालयातला अभियांत्रिकीचा विद्यार्थीही करू शकतो.

मॉडेलचे खरे मोल एका अचूक उत्तरात नाही. अंतर पाच टक्के बदलले तर काय होईल, दोन जोड्यांच्या पिळांतला फरक कमी झाला तर काय, शील्डची जोडणी बिघडली तर काय, हे प्रश्न केबल टाकण्याआधी विचारता येतात. शेवटी मिळणाऱ्या आय डायग्रॅममध्ये हजारो बिट एकावर एक रचलेले दिसतात. मधली मोकळी जागा जितकी मोठी, तितका संवाद भरवशाचा.

मॉडेलवर विश्वास ठेवण्यापूर्वी पहिल्या ड्रमचा नमुना मोजावा. टीडीआर हे उपकरण केबलमध्ये तीव्र चढाचा संकेत सोडते आणि परत काय येते ते पाहते. ४०० नॅनोसेकंदांनी उसळी परत आली तर जाण्यायेण्याचा वेळ धरून दोष ४० मीटरवर. आवळून बांधलेल्या केबल टायने दबलेली जागा आणि पाणी शिरलेला जॉइंट असे घरबसल्या सापडतात.

इन्सुलेशनचे दुसरे काम

हे दुसरे काम म्हणजे आग पसरू न देणे. तारापूरच्या अणुवीज केंद्राची पहिली दोन युनिट २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी तत्त्वावर सुरू झाली. ती जनरल इलेक्ट्रिकच्या उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्यांची आहेत. त्याच कुळातल्या अमेरिकेतील ब्राउन्स फेरी केंद्रात २२ मार्च १९७५ रोजी हवेची गळती शोधण्यासाठी धरलेल्या मेणबत्तीने केबलच्या भोवतीचा फोम पेटला आणि सुमारे १६०० केबल जळाल्या. एकमेकांना पर्याय म्हणून ठेवलेल्या यंत्रणांच्या केबल एकाच वाटेने जात होत्या, त्यामुळे पर्यायही सोबतच गेला. आपल्याकडे ३१ मार्च १९९३ रोजी नरोरा केंद्रात टर्बाइनच्या पात्यांपासून सुरू झालेल्या आगीत केबल जळून सगळे केंद्र अंधारात गेले. दोन्ही ठिकाणी अणुभट्टी सुरक्षित राहिली, पण धडा जगाने घेतला: पर्यायी केबलच्या वाटा वेगळ्या हव्यात आणि आवरण आग पसरवणारे नको. पॉलिथिन संकेताला उत्तम असले तरी जळते. म्हणून बाहेर कमी धुराचे, हॅलोजनविरहित आवरण लागते. चांगली निवड म्हणजे दोन्ही गरजांचा मेळ.

निवड करताना

क्रम साधा आहे. आधी संकेत, मग लांबी, मग परिसर आणि सर्वांत शेवटी किंमत.

आरएस-४८५ साठी १२० ओहमची पिळलेली, शील्ड असलेली जोडी आणि संदर्भासाठी एक जादा तार घ्यावी. संथ वेगाला ती १२०० मीटरपर्यंत जाते. सेकंदाला एक कोटी बिटांना मात्र मर्यादा दहा-बारा मीटरचीच. प्रोफिबस या कारखान्यांतल्या नेटवर्कची जांभळी केबल १५० ओहमची असते आणि तिचा कपॅसिटन्स मीटरला ३० पिकोफॅरॅडहून कमी लागतो. ती ९६०० बिटांना १२०० मीटर, १५ लाखांना २०० मीटर आणि १ कोटी २० लाखांना १०० मीटर जाते. इथरनेटला तांब्याची मर्यादा १०० मीटर. कॅट ५ई १०० मेगाहर्ट्झपर्यंत, कॅट ६ २५० पर्यंत आणि कॅट ६ए ५०० पर्यंत. ड्राईव्ह जवळ असतील तर प्रत्येक जोडीला वेगळे शील्ड असलेली केबल पैसे वसूल करून देते.

दोन इमारतींमध्ये, शंभर मीटरपलीकडे, विजांच्या कडकडाटात किंवा अर्थिंगचा भरवसा नसेल तिथे तांब्याचा हट्ट सोडून ऑप्टिकल फायबर घ्यावे. जुन्नर तालुक्यात खोडदजवळच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत, आणि त्यांचे अतिक्षीण संकेत फायबरमधूनच मध्यवर्ती केंद्रात येतात.

पुढच्या वेळी डेटाच्या केबलची ऑर्डर लिहाल तेव्हा ‘किती कोअर, किती स्क्वेअर एमएम’ यावर थांबू नका. विक्रेत्याकडे पाच आकडे लेखी मागा: इम्पिडन्स, मीटरमागे कपॅसिटन्स, कामाच्या वारंवारतेला होणारा ऱ्हास, जोड्यांमधला क्रॉसटॉक आणि शील्डचा प्रकार. इन्सुलेशन कशाचे आहे हे विचारा. ज्याच्याकडे हे आकडे नाहीत त्याची केबल मोटरला लावा, डेटाला नको. खणलेला चर पुन्हा खणण्यापेक्षा हे पाच प्रश्न विचारणे नेहमीच स्वस्त पडते.